'निस्तरलं' की 'मात केली'? (लहानपणाबद्दल लिहिताना)

शब्द: निस्तरणे. लेखी मराठीत हा चालतो ना? आणि त्याच्या जागी 'मात करणे' बसतं का? जाणकारांनी सांगावं.

झालं असं की एका दिवाळी अंकासाठी मी लहानपणाबद्दल लिहिलं. धारूर तालुक्यातलं गाव, आईबाप ऊसतोडीला, दसरा झाला की टोळीबरोबर आम्ही पोरं पण निघायचो ते पाडव्यापर्यंत कोपीतच, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. बापानं मुकादमाकडून (टोळी नेणारा ठेकेदार) उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे घेतलेले, निम्मी दारूत गेली, पुढं तो अंथरुणाला खिळला तवा त्याच्या जागी मला अर्धा कोयता धरलं. (नवराबायको मिळून एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.) आई तोडायची आन् मी वाढ्यानं (उसाच्या शेंड्याच्या पानांनी) मोळ्या बांधायचो, पातीनं बोटांच्या बेचक्यात चिरा पडायच्या आणि त्यात घाम गेला की नुसतं चरचरायचं. लेखात मी लिहिलं होतं, "बापानं घेतलेली उचल आईनं आन् मी निस्तरली." छापून आलं, "आम्ही परिस्थितीवर मात केली."

आता 'मात' हा बुद्धिबळातला शब्द, शह आणि मात, म्हणजे समोरचा संपला आणि डाव आपला. आमच्यात कोण संपलं? उचल फिटली, मी शिकलो, नोकरी लागली, हे खरंय, पण ते साल अजून अंगात हाये. आणि 'परिस्थिती' म्हणलं की बाप गायब, मुकादम गायब, जसं काही आभाळातूनच पडलं सगळं. निस्तरणे म्हणजे केलं एकानं आणि आवरायचं दुसऱ्यानं. आमच्याकडं बाया रोज म्हणतात, "करून सवरून मोकळे झाले, आता निस्तरा तुम्ही." लहान लेकराच्या वाट्याला जे येतं ते नेमकं हेच असतं, त्यानं केलेलं काहीच नसतं. शिवाय संस्कृतात निस्तरण म्हणजे पार होणं, तरून जाणं, ते पण त्यात आहेच की.

प्रतिसाद:
शब्द शंभर टक्के मराठी आहे, कोशातला आहे, बिनधास्त वापरा दादा. पण मला 'तगणे' जास्त जवळचा वाटतो, आम्ही औशाकडचे. सोयाबीन गेलं पण तूर तगली, असं म्हणतो ना. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती, कामावर सुकडी मिळायची त्यावर लेकरं जगवली, ती कधीच जिंकलो म्हणत नाही, "तगलो बाई" एवढंच म्हणते. निस्तरण्यात कुणावर तरी बोट राहतं, वडिलांबद्दल लिहिताना ते चालंल का तुम्हाला?

प्रतिसाद (धागाकर्ता):
ताई, तगणे फार चांगला शब्द हाये आणि उसाच्या फडातल्या सालांसाठी तोच खरा, तिथं जीव राहिला हेच लई झालं. पण तूर तगते ती आपल्यापुरती, तिच्यावर दुसऱ्याचं ओझं नसतं. आमच्या डोक्यावर उचल होती, फिटली नाही की पुढच्या हंगामाला परत त्याच मुकादमाकडं. ती फेडण्याला तगणं म्हणता येत नाही. आणि बोट राहतं म्हणाल तर राहू द्या. बापावर माया होती, आजारपणात त्याचं सगळं मीच केलं, पण त्यानं केलेलं झाकायला मी लिहायला बसलो नव्हतो.

एक अजून. तुमच्याच लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' हा लोकांनी हिणवायला वापरलेला शब्द थेट पुस्तकाचं नाव म्हणून घेतला, 1988 ला साहित्य अकादमी मिळाला त्याला. कुणी म्हणलं नाही की जरा सभ्य शब्द घाला. आपल्याकडच्या आत्मकथनांची ताकदच ती, ज्या शब्दात भोगलं त्याच शब्दात लिहिलं. मग आता नव्यानं लिहिणाऱ्या पोरापोरींच्या वाक्यात 'मात', 'यशोगाथा', 'खडतर प्रवास' हे कशाला कोंबायलेत लोक? वसतिगृहातल्या पोरी सुद्धा निबंधात हेच लिहायल्यात आता, विचारलं तर म्हणतात मार्क मिळतात.

प्रतिसाद:
परभणीकडं 'निभावलं' म्हणतात, पण त्यात कर्ज फेडल्याचा भाव येत नाही. तुमच्या वाक्याला निस्तरलंच पाहिजे. संपादकांना कळवा, पुस्तक काढाल तेव्हा मूळ वाक्यच ठेवा.