अकरावी सायन्स: चारही विषय ठेवावेत की बायफोकल घ्यावं?

जिंतूरकर_पालक
नमस्कार. लेक दहावीला आहे, सेमी इंग्रजी. तिच्या विद्यालयाला जोडूनच बारावीपर्यंत सायन्स आहे. तिथं दोनच वाटा: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी आणि मराठी, नाहीतर बायफोकल (व्यावसायिक विषय) म्हणून इलेक्ट्रॉनिक्स. परभणीला गेलं तर कॉम्प्युटर सायन्सही मिळतं म्हणतात. लेकराचं काहीच पक्कं नाही, आज व्हेटरनरी म्हणते, उद्या इंजिनिअरिंग. बायफोकल घेतल्यावर नेमकं काय सुटतं? गणित सोडलं तर काय काय हातचं जातं? आणि कॉलेज बघायला गेल्यावर प्रयोगशाळेत काय बघायचं? बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात.

विषयगट_सर
बारावीला सहा विषय, ६०० गुण. इंग्रजी सक्तीचं. दुसरी भाषा किंवा तिच्या जागी आयटी. राहिले चार, त्यात तुमचा पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी लेखी ७०, प्रात्यक्षिक ३०. गणित ८० अधिक २०.

बायफोकल हा एकटाच २०० गुणांचा, दोन पेपरचा. प्रत्येक पेपरला लेखी ५० आणि प्रात्यक्षिक ५०. म्हणजे तो दोन विषयांच्या जागा खातो: एक दुसऱ्या भाषेची, दुसरी गणित किंवा बायोलॉजीची. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरवाले गणितच ठेवतात, त्यामुळे बायोलॉजी जातं. बायोलॉजी गेलं की नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) गेली, आणि आपल्याकडं व्हेटरनरीचा प्रवेशही नीटच्या गुणांवरच होतो. परभणी आणि उदगीरची सरकारी व्हेटरनरी कॉलेजं घराजवळ असूनही लेकीला त्यांचा उपयोग नाही. मत्स्यशेती, पीकशास्त्र असे बायफोकल बायोलॉजीसोबत घेता येतात, पण ते शिकवणारी कॉलेजं मोजकीच.

बायफोकलला गुण सढळ पडतात, कारण अर्धे प्रात्यक्षिकाचे. त्यावरून टक्केवारी फुगते. सीईटीच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या) पर्सेंटाइलला त्याचा काडीचा उपयोग नाही.

गणित सोडल्यावर इंजिनिअरिंगची पीसीएम सीईटी, जेईई (आयआयटी-एनआयटीची परीक्षा), आर्किटेक्चर आणि एनडीएमधून (सैन्याच्या प्रबोधिनीतून) नौदल-हवाई दल, एवढं जातं. फार्मसी आणि बीएस्सी ॲग्री दोन्ही गटांतून, गणित असो वा बायोलॉजी, होतं, म्हणजे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या परभणी, लातूर, बदनापूर, अंबाजोगाईच्या कॉलेजांचा रस्ता मोकळाच राहतो. तिथं अर्ज करताना नावावरचा सातबारा जपून ठेवा, शेतकरी कुटुंबाला भारांश (वाढीव गुण) असतो.

लेकीचं ठरलेलं नाही म्हणूनच चारही ठेवा. अकरावीत एक विषय टाकून बारावीला परत घेणं भलतंच त्रासाचं असतं.

क्लासवाले_दादा
सरांशी निम्मा सहमत. चारही विषय ठेवा, पण नीट आणि जेईई दोन्हींची तयारी एकदम लावू नका. दोन्ही अर्धवट राहतात, लातूर-नांदेडला दरवर्षी हेच बघायला मिळतं. अकरावीच्या दिवाळीपर्यंत एक ठरवा. नीट ठरली तर गणित फक्त बोर्डापुरतं.

मधला मार्ग राज्याची सीईटी. पीसीएम आणि पीसीबी वेगळ्या परीक्षा आहेत, दोन्ही देता येतात. फिजिक्स-केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेक गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, बायोलॉजीचे १०० एकेक गुणाचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. अभ्यासक्रम बारावीचा ८० टक्के, अकरावीचा २०. नीटला मात्र बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १, तिथं ठोकून दिलं की अंगाशी येतं.

ब्युरेटवाल्या_मॅडम
प्रयोगशाळेचं मी सांगते. कपाटातल्या बाटल्या मोजत बसू नका. बारावीच्या दोन मुलांची केमिस्ट्रीची जर्नलं मागा आणि टायट्रेशनचं (ब्युरेटच्या नळीतून द्रावण थेंबथेंब सोडून मोजण्याच्या प्रयोगाचं) पान उघडा. दोघांचंही रीडिंग तंतोतंत ९.८ असेल, पुढच्या पानावरही आकडे सारखेच, तर ते फळ्यावरून उतरवलेले. पोटॅशियम परमँगनेटचं द्रावण ठेवून ठेवून बदलतं, शिवाय प्रत्येकाचा हात वेगळा, त्यामुळे खऱ्या रीडिंगमध्ये बारीक फरक पडतोच.

जिथं मुलं खरंच करतात तिथं चुकाही ठरलेल्या असतात. पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात टेस्ट ट्यूबभर विरल सल्फ्युरिक ॲसिड, मग ६०-७० अंशांपर्यंत गरम करून वरून परमँगनेट. पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग रेंगाळतो, आणि नवखं पोरगं तिथंच थांबतं. तो एंड पॉइंट (क्रिया पुरी झाल्याची खूण) नसतो. थोडं मँगनीज तयार झालं की तेच पुढची क्रिया भराभर चालवतं. रंग अर्धा मिनिट टिकला तरच खरा. ॲसिड कमी पडलं किंवा घाई केली तर तपकिरी गढूळपणा येतो, ते फेकून नवीन घ्यायचं. ऑक्झॅलिकच्या जागी मोहर सॉल्ट (फेरस लोखंडाचा क्षार) असेल तर गरम करायचंच नाही, हवेनं फेरसचं फेरिक होतं. आणि द्रावण गडद असल्यामुळे ब्युरेटचं रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं. एखाद्या मुलाला सहज विचारा, 'वरची कड का?' उत्तर आलं तर लॅब चालू आहे.

फिजिक्समध्ये मीटर ब्रिजची (रोध मोजायच्या उपकरणाची) तार बघा. जॉकी (तारेला टेकवायचा धातूचा दांडा) घासत नेल्यानं ती जागोजागी झिजते आणि रीडिंग बिघडतं. जुनी तार बदललेली दिसली तर कोणीतरी लक्ष देतंय. बायोलॉजीला मायक्रोस्कोपमधून स्वतः डोळा लावून बघा, हाय पॉवरला फोकस होतो का ते.

जिंतूरकर_पालक
सगळ्यांचे आभार. सध्या मराठीच घेऊन पीसीएमबी ठरवतोय. ऑनलाइन अर्जात पहिलं नाव लातूरचं टाकून बघावं का? नाही जमलं तर आपलं गावचं आहेच.

विषयगट_सर
'टाकून बघणं' इथं महागात पडेल. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन आहे. त्या वर्षी पसंतीक्रमात १० पर्यंत कॉलेजं देता येत होती, आणि पहिल्या पसंतीचं मिळूनही घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. यंदाची माहितीपुस्तिका वाचा, पण हिशोब हाच धरून चाला. लातूरचा खोलीभाडं-मेसचा खर्च खरंच करणार असाल तरच ते नाव वर.

विद्यालय आणि कनिष्ठ महाविद्यालय एकाच संस्थेचं असेल तर इनहाऊस कोट्याच्या (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीच्या) १० टक्के जागा आहेत. त्यासाठी वेगळी नोंद करावी लागते, नुसतं शाळेच्या नावावर जागा राखून राहत नाही. फॉर्मचा पहिला भाग भरतानाच मुख्याध्यापकांना विचारून घ्या.