२५ फेब्रुवारी, कितानो तेनमांगू: साकुरा नव्हे, उमे!

नमस्कार मंडळी,

२५ तारखेला क्योतोच्या कितानो तेनमांगू देवळात बाइकासाई, म्हणजे उमेच्या फुलांचा उत्सव आहे. वार कोणताही असो, उत्सव २५ लाच, म्हणजे सुट्टी टाकावी लागणार. परवा कुणीतरी ‘साकुरा (चेरीची फुलं) बघायला जाऊ’ लिहिलंय. साकुराला अजून महिना आहे हो! ही उमे, म्हणजे जपानी प्लम. पहिल्यांदा उमेबोशी (उमेचं आंबट-खारट लोणचं) खाऊन आपण तोंड वेंगाडलं होतं ना, तेच झाड. आवारात दीडेक हजार झाडं आहेत आणि भर थंडीत फुलतात, तेव्हा कानटोप्या आणा.

शेजारच्या कामिशिचिकेन वस्तीतल्या गेइको-माइको (गेइशा आणि शिकाऊ गेइशा) उघड्यावर माच्चा (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा) करून देतात. तिकीट आधी काढायचं असतं. मागे मी ‘गेल्यावर बघू’ म्हणत गेले आणि पडद्याआडून नुसती डोकावत राहिले. कुणाकुणाचं काढू, शुक्रवारपर्यंत कळवा.

—

ताई, त्याच दिवशी आमच्या चिरंजीवांची सरकारी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा आहे. त्याला सोडून आम्ही दोघं येऊ का, की बरं दिसणार नाही? आणि तो हिरवा कडू चहा मला झेपत नाही. थर्मासमध्ये आल्याचा आणू का?

—

दादा, मग तर याच! ते देऊळच विद्येच्या देवाचं. तो देव म्हणजे सुगावारा नो मिचिझाने, मूळचा मोठा विद्वान. दरबारी राजकारणात ९०१ साली त्याला दूर क्युशूतल्या दाझाइफूला धाडलं, ९०३ मध्ये तो तिथेच वारला. निघताना अंगणातल्या उमेला म्हणाला, पूर्वेचा वारा सुटला की सुगंध पाठव, मालक नाही म्हणून वसंत विसरू नकोस. २५ फेब्रुवारी ही त्याची पुण्यतिथी. तिथल्या दगडी बैलाच्या डोक्यावरून हात फिरवा, मग तोच हात चिरंजीवांच्या डोक्यावर. पेपर सुटल्यावर का होईना.

थर्मासचं म्हणाल तर १५८७ साली चालला असता. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने इथेच चहाचा मोठा सोहळा मांडला होता. व्यापारी असो की शेतकरी, किटली-वाडगा घेऊन या, चहा नसेल तर भाजलेल्या पिठावर भागवा, अशी दवंडी होती. दहा दिवसांचा बेत एका दिवसात गुंडाळला, ते सोडा. त्याच्या आठवणीत आताचा चहा १९५२ पासून होतो. तुमचा थर्मास मात्र पिशवीतच राहू दे. आधी गोड खा, मग माच्चा घ्या, कडू लागत नाही.

भेटायचं ‘बैलाजवळ’ ठरवू नका, बैल पुष्कळ आहेत. त्यात २५ चा जुना बाजार, म्हणजे गर्दी. रस्त्यावरच्या मोठ्या तोरीखाली (देवळाच्या कमानीखाली), ठीक १० वाजता.