ट्रंक पिंगला उत्तर देते पण कॉल नेत नाही, फेलओव्हर कसा करावा? (कामाइलिओ ५.८)

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका धर्मादाय रक्तपेढीचे फोन मी सांभाळतो. ॲस्टरिस्कच्या (फोन एक्सचेंजचं सॉफ्टवेअर) पुढे कामाइलिओ (कॉल कुठे पाठवायचा ते ठरवणारा सर्व्हर), आणि बाहेर जायला दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिप ट्रंक (इंटरनेटवरून मिळणाऱ्या फोन लाइन). डिस्पॅचरला (ट्रंकांमध्ये कॉल वाटणारं कामाइलिओचं मॉड्यूल) अल्गोरिदम ९, म्हणजे वेटनुसार वाटणी, वेट ७० आणि ३०. फ्लॅग्ज २ लावलंय, त्यामुळे फेलओव्हरची (एक ट्रंक पडली तर दुसरीकडे वळण्याची) यादी भरते. दर १० सेकंदांनी ऑप्शन्स पिंग (ट्रंक चालू आहे का हे विचारणारा संदेश) जातो. फायरवॉलवर पहिल्या ट्रंकचा पत्ता अडवून पाहिला होता, तेव्हा कॉल बिनबोभाट दुसरीकडून गेले. मी निर्धास्त झालो.

गेल्या गुरुवारी रात्री बी निगेटिव्हच्या दात्यांना फोन लावायचे होते. सिस्टरांचा मोबाइलवरून फोन आला, "दादा, रिंगच जात नाही, नुसती शांतता आहे." लॉग उघडला तर पहिली ट्रंक ऑप्शन्सला २०० (ठीक आहे) देतेय, इन्व्हाइटलाही (कॉल लावायची विनंती) लगेच १०० ट्रायिंग (प्रयत्न चालू), आणि त्यानंतर काहीच नाही. ना १८० (रिंग वाजतेय), ना ५०३ (सेवा उपलब्ध नाही). डिस्पॅचरच्या लेखी ट्रंक धडधाकट, म्हणून दहातले सात कॉल तिकडेच. शेवटी ती हाताने बंद केली तेव्हा फोन लागायला लागले. तोवर वीस मिनिटं गेली होती आणि पेशंटचे नातेवाईक खिडकीशी उभे होते. हे परत होऊ द्यायचं नाही.

मला जे उमगलंय ते असं: ३० सेकंदांचा एफआर टायमर (ट्रंकच्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत) पहिलं उत्तर येईपर्यंतच चालतो. १०० आलं की एफआर इन्व्हाइट टायमर (कॉलच्या अंतिम उत्तराची मुदत) सुरू, तो मुळात १२० सेकंदांचा. इतका वेळ फोन कानाला लावून कोण थांबणार? त्यात नमुना कॉन्फिगमधली फेल्युअर रूटची (कॉल फसल्यावर चालणारा भाग) अट 'वेळ संपली आणि एकही उत्तर आलं नाही' अशी आहे. इथे १०० तर आलेलं असतं.

म्हणून टी सेट एफआर (या मुदती बदलणारं फंक्शन) वापरून इन्व्हाइटची मुदत ६ सेकंद करायची, आणि १८० किंवा १८३ (कॉल पुढे सरकतोय) आलं की ऑनरिप्लाय रूटमध्ये (उत्तर आल्यावर चालणारा भाग) ती पुन्हा १२० करायची, असा विचार आहे. कोणी असं चालवतंय का? भीती एवढीच, की दाता खेड्यात असला तर रिंग सुरू व्हायलाच कधी कधी ७-८ सेकंद लागतात. मग चांगला कॉल मध्येच तोडून दुसऱ्या नंबरवरून लावला जाईल. तुमच्याकडे किती सेकंद ठेवलेत?

दुसरी अडचण जास्त छळतेय. फेल्युअर रूटमध्ये ट्रंक बंद म्हणून मार्क केली, तरी पुढच्या पिंगला २०० आलं की ती परत यादीत येते. एचटेबलमध्ये (कामाइलिओचा मेमरीतला तक्ता) लागोपाठ फसलेले कॉल मोजून, पाचानंतर ती ट्रंक १५ मिनिटं पिंगशिवाय बाहेर ठेवावी का? की याहून सरळ मार्ग आहे?

दुसऱ्या ट्रंकवर जाताना तिचाच नंबर फ्रॉममध्ये (कॉल करणाऱ्याचा नंबर) घालतो, नाहीतर ४०३ (मनाई) येतो. ४८६ (लाइन व्यस्त) आलं तर पुन्हा लावत नाही. या दोन गोष्टी व्यवस्थित चालू आहेत. कॉन्फिग हवी असेल तर पत्ते झाकून इथेच टाकतो.