चवथीला घरी बोलावलंय, माटोळीचं काय करू?

गॅसवाला_फोंडा
सगळ्यांना सलाम आणि नमस्कार. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी सत्तरी तालुक्यातला, वय 34. एसी-फ्रिज दुरुस्त करतो, फोंड्याला भाड्याच्या खोलीत राहतो. गेल्या वर्षी पाऊस सरता सरता कलमा पढलो. सगळे पहिल्यांदा हेच विचारतात म्हणून आधीच सांगतो: मुलगी नाही, पैसे नाहीत, कुणी फूस लावलेली नाही. का झालो ते चार ओळींत मावणार नाही, म्हणून राहू दे.

कलमा पढलो त्या दिवशी गळाभेटींनी खांदे दुखले. पेढे वाटले, फोटो काढले, नंबर घेतले. पुढच्या महिन्याभरात त्यातल्या एकाचाच फोन आला, आणि तो त्याच्या एसीत गॅस भरायचा होता म्हणून. वाईट माणसं नाहीत हो. त्यांना वाटलं असेल, झाला मुसलमान, आता येईल आपला आपण. जुम्म्याचं बयान उर्दूत. मी मराठी शाळेत शिकलेला, हिंदी सिनेमाच्या जोरावर निम्मं कळतं. वुजू, म्हणजे नमाजआधीचं हातपाय धुणं, मोबाईल नळावर टेकवून व्हिडिओ बघत शिकलो, दोनदा मोबाईल बादलीत पडला. नमाज पावतीबुकाच्या मागच्या पानांवर देवनागरीत उतरवून घेतली, अजून तीच पानं समोर ठेवून पढतो. पहिला रमजान खोलीतच काढला. सहरीला पाव-केळी, इफ्तारला खजूर आणि खालच्या गाड्यावरची भजी. शेवटच्या आठवड्यात एका पोराने जिन्यात हटकलं, "भाई, आप अकेले क्यूं खाते हो?" तेव्हा कुठे मशिदीत पंगतीला बसलो.

आता मूळ प्रश्न. आमचा गणपती दीड दिवसाचा. माटोळी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायचं काम सोळाव्या वर्षापासून माझं. आदल्या दिवशी वाघेरीच्या बाजूला रानात जायचं, कांगलां, माट्टी, घागऱ्या, कवंडळ ही रानातली फळं आणायची, बाकी तोरिंगं, सुपारीचं शिपटं, नारळांचा घोस घरचाच. कवंडळं मधे, एकमेकांपासून वितीच्या अंतरावर. हे बाबांनी शिकवलं. गेली चवथ मी कामाचं निमित्त सांगून टाळली. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. मागून त्यांचा आवाज, "त्याला सांग, माटोळीला ये म्हणावं." वर्षभरातलं हे पहिलं वाक्य, तेही आईमार्फत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, शिडीवर चढू शकत नाहीत.

नेटवर शोधलं तर एक म्हणतो पाऊल टाकलंस तरी कुफ्र, म्हणजे धर्माबाहेर गेलास, दुसरा म्हणतो घरच्यांशी नातंच तोड. हे सांगणारे बसलेत कुठल्या देशात कोण जाणे. त्यांना माटोळी म्हणजे काय ते ठाऊक नाही. तुम्हाला आहे, म्हणून इथे विचारतोय.

डिचोलीकर
बांधून टाका आणि मोकळे व्हा. फळं टांगण्यात कसला आलाय धर्म?

गॅसवाला_फोंडा
धर्म नसता तर बाबांनी बोलावलं नसतं, आणि मीही इथे विचारलं नसतं.

वास्कोची_खाला
बेटा, मी मूळची कुडाळची. लग्न होऊन वास्कोला आले आणि 1998 साली कलमा पढले. लोकांनी माझ्याबद्दल काय काय म्हटलं ते आता आठवतही नाही. आईचं मात्र सगळं आठवतं.

पहिली पाच वर्षं ती माझ्या हातचं पाणी प्यायली नाही. मग आजारी पडली, मी जायला लागले. चवथीला गेले तर पानात नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वाढल्या. मी म्हटलं, आई, नैवेद्याचं मी खात नाही गं. तिने ताट उचललं, बोलली काहीच नाही. पुढच्या वर्षी गेले तर चुलीमागच्या फळीवर स्टीलचा डबा, वर फडकं बांधलेलं. म्हणाली, "ह्या तुझ्या. देवाला दाखवायच्या आधी काढल्यात." ज्या बाईने जन्मात नैवेद्याआधी मीठ बरोबर आहे का म्हणून चमचा चाटला नव्हता, तिने माझ्यासाठी देवाच्या आधी डबा भरला. मी परसात जाऊन रडले. तेव्हा मला कळलं की अडचण एकट्या माझी नव्हती. तिचीही होती, आणि ती माझ्यापेक्षा जास्त पुढे आली होती.

म्हणून जा. दारात उभा राहून मसाइल, धर्माचे नियम, समजावू नकोस. आणि नाव बदलायची घाई करू नकोस. कुणी म्हणेल अब्दुल्ला हो, अब्दुर्रहमान हो. नावाचा अर्थ वाईट नसेल, त्यात दुसऱ्या कुणाचा बंदा असल्याचं येत नसेल, तर बदलणं फर्ज नाही. आधार, पॅन, बँक, पंचायत, सगळीकडे हेलपाटे, आणि गोव्यात नाव बदलायचा 1990 चा वेगळा कायदाच आहे. तुझ्या वडिलांनी बारशाला ठेवलेलं नाव आहे, राहू दे.

कुळागरातली
मी मुसलमान नाही. माझा भाऊ झाला, सहा वर्षं झाली. त्याला नेटवर कुणीतरी सांगितलं की घरच्यांशी संबंध ठेवू नकोस, त्याने ऐकलं. बाबा गेले तेव्हा आला नाही. तो नमाज पढतो याचा राग मला कधीच आला नव्हता, खरंच सांगते. राग आला तो तेराव्या दिवशी रिकाम्या खुर्चीचा.

तुमच्या वडिलांनी "माटोळीला ये" म्हटलंय. त्यांना माटोळी हवी आहे असं वाटतं तुम्हाला? आमच्या वाड्यावर ती बांधून द्यायला माणसं मिळतात.

उस्ताद_कुर्टी
अस्सलामु अलैकुम. दुपारी मुलांना अरबी शिकवतो, मुफ्ती नाही, तेव्हा फतवा समजू नका.

सूरह लुकमान उघडा, आयत 14 आणि 15. आधी आईचं वर्णन आहे, थकव्यावर थकवा सोसून पोटात वाढवलं, दोन वर्षं दूध पाजलं. लगेच पुढे, आईबापाने शिर्कसाठी, म्हणजे अल्लाहसोबत दुसऱ्या कुणाला पुजण्यासाठी, जोर लावला तर तेवढं ऐकू नकोस, पण दुनियेत त्यांच्याशी भलेपणाने राहा. ऐकू नकोस आणि सोबत राहा, दोन्ही एकाच आयतीत. पैगंबरांच्या काळातल्या हजरत अस्मांची हदीस बुखारीच्या संग्रहात आहे. त्यांची आई मुश्रिक, म्हणजे मूर्तिपूजक होती, मदिनेला भेटायला आली. अस्मांनी पैगंबरांना विचारलं, नातं राखू का? उत्तर आलं, होय, आईशी नातं राख. संबंध तोड म्हणणाऱ्यांनी हे वाचलेलं दिसत नाही.

माटोळीबद्दल माझं मत असं. ती मूर्तीच्या डोक्यावर बांधतात, पूजेचाच भाग आहे. तेव्हा बांधण्याचा हात तुमचा नको. डिचोलीकरांना हे पटणार नाही, आमच्यातल्या काहींना हेही सैल वाटेल. पण रानात जाणं, बाजार, वडिलांना डॉक्टरकडे नेणं, घराच्या वायरिंगकडे बघणं, याला कुणाची हरकत? चुलतभाऊ असेल तर त्याला शिडीवर चढवा. आरतीच्या वेळी परसात जा, भांडण करून नव्हे.

आणि ती पावतीबुकाची पानं. अरबीत 'कल्ब' दोन आहेत. घशातल्या क़ाफने म्हटलं तर हृदय, साध्या काफने म्हटलं तर कुत्रा. देवनागरीत आपण दोन्ही सारखेच लिहितो. घाबरू नका, शिकणाऱ्याची चूक माफ असते, पण एकदा माझ्यासमोर पढून दाखवा. फोंड्यात आहात तर सफा मशीद ठाऊक असेलच, 1560 सालची. तिथल्या तळीच्या पायऱ्यांवर बसू. फी नाही. मात्र मला तुमचं मराठी कळतं, तेव्हा उर्दू येत नाही ही सबब चालणार नाही.

नोटरीचा_कारकून
धर्माचं तुम्ही बघा. पण घरात कुणी "आता तुला वाटा नाही" म्हणत असेल तर ऐकून ठेवा. गोव्यात कुटुंबाचा कायदा 1867 च्या पोर्तुगीज संहितेवरून आलेला, थोडे अपवाद सोडले तर सगळ्या धर्मांना एकच. वडील मृत्युपत्राने फार तर आपल्या निम्म्या हिश्शाचं करू शकतात, उरलेला निम्मा मुलांचा. मुलाने धर्म बदलला म्हणून तो जात नाही. आणि उद्या लग्न कराल तेव्हा नुसत्या निकाहवर थांबू नका, निबंधकाकडे नोंदणी हवीच.

गॅसवाला_फोंडा
काकांनी अगदी तेच वाक्य म्हटलं होतं. धन्यवाद.

चवथ झाली, कळवायचं राहिलं होतं.

आदल्या दिवशी पहाटे फजरची नमाज करून निघालो, थेट रानात. कांगलां या वर्षी उशिरा, कच्चीच मिळाली. अंगणात सगळं मांडलं आणि चुलतभावाला शिडीवर चढवलं. बाबा खुर्चीत. पाच मिनिटं गप्प होते, मग त्याने दोन कवंडळं चिकटून बांधली तेव्हा राहवलं नाही. "वितीचं अंतर," असं ओरडले ते माझ्याकडे बघून. मी खालून वीत दाखवली. मग तासभर तेच चाललं, ते मला सांगणार, मी त्याला सांगणार. त्याचा वैताग बघण्यासारखा होता.

आरतीला मी मागच्या पडवीत, नारळांच्या ढिगाजवळ. मगरीबची, संध्याकाळची नमाज तिथेच पढलो. शेवटचा सलाम फिरवला तर दारात बाबा, काठी टेकून. म्हणाले, "इथे पावसाचं पाणी झिरपतं, पुढच्या वेळी माडीवर जा." खाला, 'पुढच्या वेळी' हा शब्द मी परतीच्या कदंबा बसमध्ये फोंड्यापर्यंत चघळत आलो. डबाही मिळाला, पाच नेवऱ्या. आधी काढलेल्या का ते विचारायचं धाडस झालं नाही. तुमचा किस्सा आईला सांगितला तर ती म्हणाली, "आम्हाला काय कळत नाही?"

उस्ताद, शनिवारी असरच्या नमाजनंतर जमेल का? बाकी दिवशी हॉटेलांच्या सर्व्हिसिंगची कामं घेऊन बसलोय. पावतीबुक घेऊन येतो.