संगणक सुरू होतानाच निळी स्क्रीन येते. फॉरमॅट न मारता काही मार्ग आहे का?

नमस्कार मंडळी,

घरच्या डेस्कटॉपनं ऐन लग्नसराईत नाकी नऊ आणलेत. मी बार्शीत घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीत (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर). कित्येक वर्षांच्या फायली याच मशीनवर आहेत. दरवर्षी तीच घरं पुढच्या मुलाच्या लग्नाला 'मागच्यासारखीच पत्रिका करा' म्हणून येतात, त्यामुळे जुनी फाईल गेली म्हणजे गिऱ्हाईकच गेलं.

लक्षणं अशी. बटण दाबलं की पंखा फिरतो, बोर्डाच्या कंपनीचं चित्र येतं, मग विंडोजचं चिन्ह आणि खाली ठिपक्यांचं कडं. ते कडं जेमतेम फिरायला लागतं तोच निळी स्क्रीन, उदास चेहरा आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे शब्द. मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि पुन्हा तेच. असं काही वेळा झालं की 'ऑटोमॅटिक रिपेअर' सुरू होतं, बराच वेळ घेतं आणि दुरुस्ती जमली नाही असं सांगून थांबतं.

मशीन जुनं आहे. एच६१ चिपसेटचा बोर्ड, थर्ड जनरेशनचा आय३, ८ जीबी रॅम. मूळची ५०० जीबीची हार्ड डिस्क अजून आत आहे, पण मध्यंतरी २४० जीबीची एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज १० टाकून घेतलं. तेव्हापासून छान पळत होतं.

आमच्याकडे येणारे दुरुस्तीवाले दादा आले की कुठलीतरी कळ दाबून एका वेगळ्याच स्क्रीनमध्ये जातात, काहीतरी बदलतात आणि मशीन लगेच चालू होतं. मग काही दिवस सुरळीत, आणि एखाद्या सकाळी पुन्हा निळं. आता ते म्हणतात, "ताई, एकतर एसएसडी गेलीय, नाहीतर विंडोज करप्ट झालंय. फॉरमॅट मारावंच लागेल."

मशीन चालू असताना मी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून पाहिलं, एसएसडी 'गुड' दाखवते. रॅम काढून पट्ट्या खोडरबरनं पुसून बसवल्या, डिस्क बोर्डाला जोडणारी साटाची केबल बदलली. फरक शून्य.

आणखी एक, याचा संबंध आहे की नाही ठाऊक नाही. दादांनी चालू करून दिलं की तारीख चुकलेली असते. परवा एका गिऱ्हाइकाला बिल छापून दिलं, त्यावर जानेवारी २०१२ आलं. बँकेची साइट उघडायला गेलं तर ब्राउझर 'तुमचं घड्याळ मागे आहे' म्हणून अडवतो.

फायली वाचणं सगळ्यात महत्त्वाचं. फॉरमॅटशिवाय काही होईल का?

प्रतिसाद

ताई, माझ्याकडेही अशीच निळी स्क्रीन यायची. शेवटी फॉरमॅट मारलं आणि तेव्हापासून एकदाही त्रास नाही. सी ड्राइव्हचा डेटा आधी काढून घ्या आणि मोकळ्या व्हा.

प्रतिसाद

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बघितला का? जुन्या मशीनमध्ये आतले कपॅसिटर फुगलेले असतात. झाकण उघडून बोर्डावरचेही बघा, वरचा भाग सपाट हवा.

प्रतिसाद

थांबा, फॉरमॅट मारू नका. तुम्ही जे 'संबंध आहे की नाही ठाऊक नाही' म्हणून शेवटी लिहिलंत, दुखणं तिथंच आहे.

आधी एक सांगा. रात्री काम संपल्यावर तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करता का? आणि निळी स्क्रीन येते ती सकाळ वीज गेल्यानंतरची किंवा बटण रात्रभर बंद ठेवल्यानंतरचीच असते का?

धागाकर्ती

हो! सध्या वळवाचे दिवस आहेत, संध्याकाळी आभाळ भरून आलं, विजा कडाडायला लागल्या की मी सगळ्याच्या पिना काढून ठेवते. एरवी नुसतं शटडाउन करते, भिंतीवरचं बटण चालूच असतं. आता आठवून बघते तर निळी स्क्रीन पावसाच्या दुसऱ्या दिवशीच आलेली आहे. मला वाटलं विजेनं काहीतरी जळालं.

प्रतिसाद

मग नव्वद टक्के बोर्डावरचा सेल संपलाय. रुपयाच्या नाण्यासारखा चपटा, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा.

हा सेल दोन कामं करतो: वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम) केलेले बदल लक्षात ठेवतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर मशीन बंद असतानाही एसएमपीएसमधून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे मेलेला सेलही खपून जातो. पिन काढली की बोर्ड सगळं विसरतो. घड्याळ बोर्डाच्या मूळ तारखेला जातं आणि सेटिंगही कारखान्यातून आली तशी होतात. तुमचं जानेवारी २०१२ तिथून आलं.

आता निळी स्क्रीन का? बायोसमध्ये 'साटा मोड' नावाचं एक सेटिंग असतं, आयडीई किंवा एएचसीआय, म्हणजे बोर्डानं डिस्कशी बोलायच्या दोन पद्धती, पहिली जुनी, दुसरी नवी. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर मुळात आयडीई असतं. तुमची एसएसडी बसवली तेव्हा बसवणाऱ्यानं ते एएचसीआय केलं असणार, एसएसडीसाठी तेच योग्य. विंडोज त्या मोडमध्ये टाकलं गेलं, म्हणून सुरू होताना तेवढाच ड्रायव्हर उचलतं. बोर्ड आयडीईवर परतला की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि ते 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून मान टाकतं. डिस्क ठणठणीत आहे, तिच्यावरची एकही फाईल हललेली नाही.

दादा त्या स्क्रीनमध्ये जाऊन बहुधा हेच एएचसीआय परत करतात. म्हणून लगेच चालू होतं, आणि पुढची पिन काढेपर्यंतच टिकतं.

वरच्या मित्रांनी फॉरमॅटनं बरं झाल्याचं लिहिलंय. त्यांच्याकडे काय बिघडलं होतं ते इथून सांगता येणार नाही, पण तुमच्या मशीनवरही फॉरमॅटनं नक्की 'बरं' वाटलं असतं. आयडीई मोडमध्येच नवं विंडोज पडलं असतं, त्यामुळे बोर्ड कितीही वेळा विसरला तरी निळी स्क्रीन आली नसती. सेल मेलेलाच राहिला असता, तारीख चुकतच राहिली असती आणि फायली हकनाक गेल्या असत्या. म्हणून हात जोडून सांगतो, घाई करू नका.

आता हे करा. मशीन चालू होताच डिलीट कळ टकटक दाबत राहा (काही बोर्डांवर एफ२). बायोस उघडेल. मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. 'साटा मोड' शोधा, तिथं आयडीई दिसलं तर माझा अंदाज बरोबर. ते एएचसीआय करा, एफ१० दाबून सेव्ह करा. विंडोज सुरू झालं की आधी पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर फायली घ्या. पेजमेकरच्या फायलींबरोबर त्यात वापरलेले फॉन्टही घ्या, नुसती फाईल दुसऱ्या मशीनवर उघडली तर मजकुराचा चुथडा होतो.

सेल बदलताना मशीन शटडाउन करा, पिन काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि मगच आत हात घाला. सेलच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती बाहेरच्या बाजूला दाबली की सेल उडी मारून वर येतो. जोर लावून उचकटू नका, पट्टी तुटली तर बोर्डाचं काम निघेल. नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा, नवा ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. सेल बदलल्यावर बायोसमध्ये तारीख आणि एएचसीआय पुन्हा एकदा लावावं लागेल. 'बूट' पानावर एसएसडी पहिली आहे ना तेही बघा, जुन्या हार्ड डिस्कवर आधीचं विंडोज असेल तर भलतंच सुरू होईल.

प्रतिसाद

एक भर. एएचसीआय करूनही निळंच आलं तर घाबरू नका. एसएसडी काढून साटा ते यूएसबी केबलनं दुसऱ्याच्या लॅपटॉपला जोडा, फायली तिथून निघतील. किंवा उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवून, इन्स्टॉल न करता नुसतं 'ट्राय' म्हणून चालू करा आणि फायली उचला.

धागाकर्ती

झालं! बायोसमध्ये खरंच आयडीई होतं, वर तारीखही २०१२ ची. एएचसीआय केल्याबरोबर विंडोज उघडलं. फायली आणि फॉन्ट आधी बाहेरच्या डिस्कवर घेतले, मग मोठ्या मुलानं सेल बदलला. जुना मोजला तर २ व्होल्टसुद्धा भरला नाही. काल मुद्दाम रात्रभर पिन काढून ठेवली, सकाळी पहिल्या झटक्यात सुरू, घड्याळही बरोबर. तुम्हा सगळ्यांचे, विशेषतः फॉरमॅटपासून अडवणाऱ्या दादांचे मनापासून आभार. पुढच्या वेळी आमचे दुरुस्तीवाले आले की त्यांनाही हे दाखवणार आहे, त्यांच्याकडे अशी मशीनं भरपूर येतात.

आता एकच शंका. विंडोज १० बंद झालं म्हणतात, मग ११ टाकू का?

प्रतिसाद

बंद म्हणजे चालायचं थांबलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट घेता येतात. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते, तुमच्या थर्ड जनरेशनवर ते नियमात बसत नाही. जबरदस्तीनं टाकू नका, पेजमेकर-श्रीलिपीची घडी विस्कटली तर सीझनमध्ये परवडणार नाही. पत्रिका याच मशीनवर करा, बँकेचे व्यवहार मोबाइलवर करा, आणि नवं मशीन घ्याल तेव्हा श्रीलिपी त्यावर चालते का हे आधी विचारून घ्या.