एका वर्षासाठी फटकेबाज घ्यावा का?

बेसबॉलमध्ये 'करार संपून वर्षभराने जाणाऱ्या फटकेबाजासाठी तरुण पिचर (चेंडू टाकणारे) देणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार' असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने फटकेबाज हुआन सोटो आणला तेव्हाही हीच ओरड झाली होती. पिचर मायकेल किंग, ड्रू थॉर्प यांच्यासह पाच जण सॅन दिएगोच्या पाद्रेस संघाला दिले, सोटोसोबत ट्रेंट ग्रिशम हा खेळाडूही आला. पण २०२३ मध्ये यांकीज १६२ पैकी जेमतेम ८२ सामने जिंकून प्लेऑफबाहेर (बाद फेरीबाहेर) होते! २०२४ मध्ये सोटोने ४१ होमरन मारले, शिवाय १२९ वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) मिळवले. मला तर हे वॉकच जास्त महत्त्वाचे वाटतात. तो बेसवर असताना मागून ॲरन जजसारखा फटकेबाज यायचा, मग समोरच्या पिचरने जायचं कुठे? क्लीव्हलँडविरुद्ध दहाव्या इनिंगमधल्या त्याच्या होमरनने यांकीज २००९ नंतर प्रथमच वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, पोचले. तिथे डॉजर्सनी धुतलं, ते सोडा.

पाद्रेसही काही फसले नाहीत. किंगने त्याच मोसमात १७३ हून अधिक इनिंग टाकल्या, आणि थॉर्पला बदल्यात देऊन त्यांनी डिलन सीस हा पिचर मिळवला. वर्षभराने सोटो न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाकडे गेला, १५ वर्षं, ७६.५ कोटी डॉलर. तेवढे पैसे मी यांकीज असतो तरी दिले नसते. ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) मात्र पुन्हा केला असता.