मदत हवी आहे: इलांग-इलांग तेलाच्या बाटलीवर 'थर्ड' लिहिलंय, म्हणजे हलका माल का?

रातवा:
नमस्कार मंडळी. इलांग-इलांग या सुगंधी फुलांचं इसेन्शियल ऑइल (फुलांचा तेलकट अर्क) भेट म्हणून मिळालंय. बाटलीवर 'कॅनांगा ओडोराटा' हे झाडाचं शास्त्रीय नाव आणि खाली 'थर्ड', एवढंच छापलंय. शोधल्यावर 'एक्स्ट्रा', 'फर्स्ट', 'सेकंड', 'कम्प्लीट' अशीही नावं दिसली. मग माझ्याकडे तिसऱ्या दर्जाचा माल आलाय का?

दुसरं म्हणजे, हे तेल केसांना लावायची जुनी पद्धत आहे म्हणे. खोबरेलात किती घालायचं? केस वाढतात, रक्तदाब उतरतो, झोप लागते, असं काय काय वाचलं. त्यातलं खरं किती? आणि डिफ्युझर (तेलाचा वास खोलीत पसरवणारं यंत्र) लावला की आधी फार छान वाटतं, पण थोड्या वेळाने डोकं चढतं. असं आणखी कुणाला होतं का?

गंधवेडा:
हलका माल नाही हो, बाटली जपून ठेवा. ती नावं भेसळीची किंवा शुद्धतेची नाहीत, तेल भट्टीतून केव्हा काढलं ते सांगणारी आहेत. या फुलांचं ऊर्ध्वपातन फार लांबतं, पंधरा-वीस तासही चालतं, आणि तेल टप्प्याटप्प्याने वेगळं काढतात. पहिल्या तास-दोन तासांत हलकी, चटकन उडणारी द्रव्यं येतात: लिनालूल, बेन्झाइल ॲसिटेट, मिथाइल बेन्झोएट, पॅरा-क्रेसिल मिथाइल ईथर. हा 'एक्स्ट्रा'. गोड, थेट नाकात शिरणारा, अत्तरवाल्यांचा लाडका. १९२१ च्या 'शनेल नंबर ५' या अत्तरात गुलाब आणि जाईसोबत इलांगही आहे.

पुढे फर्स्ट, सेकंड असं करत शेवटी 'थर्ड' येतो. त्यात जर्मॅक्रीन-डी, कॅरिओफिलीन असली जड द्रव्यं जास्त. वास मंद, जरा लाकडासारखा, पण टिकतो. साबणात हाच वापरतात. भाग न पाडता सलग काढलेलं तेल ते 'कम्प्लीट'. (व्यवहारात पहिले भाग मागाहून एकत्र करूनही ते नाव देतात, म्हणून त्या नावावर मी फारसा विसंबत नाही.) नुसतं 'कॅनांगा ऑइल' म्हणून मिळतं ते जावामधल्या वेगळ्या प्रकारच्या झाडाचं, वासाला आणखी उग्र.

झाड सीताफळाच्या कुळातलं, म्हणजे आपल्या हिरव्या चाफ्याचं भावंडच. फुलं आधी हिरवी असतात, पिवळी झाली की पहाटे तोडतात. तेल मुख्यतः कोमोरोस बेटांवर आणि मादागास्करच्या नोसी बे भागात निघतं, झाड मूळचं मात्र आग्नेय आशियातलं.

खारुताई:
केसांबद्दल लिहिते. परंपरा खरी आहे, पण ती फुलांची. सामोआ, टोंगा या बेटांवर फुलं खोबरेलात मुरवून ते तेल अंगाला-केसांना लावतात. फिलिपिन्समध्ये फुलं माळांत ओवतात, इंडोनेशियात नवविवाहितांच्या शय्येवर पसरतात. यावरूनच 'कामोत्तेजक' हे बिरूद चिकटलं असावं. मुरवलेल्या तेलात अर्क अगदी थोडा उतरतो, तुमच्या बाटलीत निव्वळ तोच आहे. त्यामुळे 'पूर्वापार लावतात' हा दाखला इथे चालत नाही.

प्रमाण: त्वचेसाठी ०.८ टक्क्यांपुढे जाऊ नये असं सुरक्षिततेच्या संदर्भग्रंथांत धरतात. ३० मिली खोबरेलात चार थेंब, बस. या तेलाची ॲलर्जी होणारे लोक कमी नाहीत, म्हणून आधी मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा. खाज किंवा लाली आली तर विषय संपला. पोटात घ्यायचं नाही. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. केस वाढतात याला भरवशाचा पुरावा नाही. चकाकी येते ती खोबरेलाची.

गंधवेडा:
+१. रक्तदाबाचं म्हणाल तर छोट्या प्रयोगांत वास घेतल्यावर नाडी आणि रक्तदाब थोडा वेळ उतरलेला दिसलाय. तेवढ्यावर कुणी गोळ्या बंद करू नयेत. झोपेचं ज्याच्या त्याच्या नाकावर: मला शांत वाटतं, आमच्या घरातल्यांना खोली सोडावीशी वाटते.

डोकं चढणं अगदी नेहमीचं आहे. जास्त झालं तर मळमळतंही. किती थेंब घालता, आणि यंत्र किती वेळ चालू असतं?

रातवा:
दोघांचे आभार! आठ-दहा थेंब, आणि दार लावून रात्रभर.

गंधवेडा:
बापरे! दोन थेंब, पंधरा-वीस मिनिटं, खिडकी उघडी. नंतर यंत्र बंद करा, 'थर्ड' तसाही रेंगाळतो. घरात दमेकरी किंवा मांजर असेल तर त्या खोलीत लावूच नका.

खारुताई:
आणि बाटली गडद काचेची नसेल तर अंधाऱ्या, थंड जागी ठेवा, बूच घट्ट लावून. हवा लागून जुनं झालेलं तेल त्वचेला जास्त झोंबतं. वास आंबूस किंवा वॉर्निशसारखा यायला लागला की केसांत घालू नका.